दात हाडासारखा जुळून येत नाही: ‘सिमेंट भरू नका’ या मेसेजचा प्रतिवाद

‘दातात सिमेंट किंवा चांदी भरून घेऊ नका’ या वाक्याने सुरू होणारा मेसेज गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडे चार वाटांनी आला. माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर. चौथ्यांदा तो एका आईने माझ्या दवाखान्यात समोर बसून स्वतःच्या मोबाइलवर दाखवला. तिला टेकून तिची आठ वर्षांची मुलगी बसली होती आणि मुलीचा उजवा गाल सुजून तुकतुकीत झाला होता. मी नागपुरात बावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते आहे. त्या संध्याकाळी ठरवलं, या मेसेजमधलं एकेक वाक्य घ्यायचं आणि त्याला उत्तर द्यायचं.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं. दात म्हणजे हाडच. हाड जुळतं तसा दातही भरून येतो. लवंगतेल, हळद, मोहरीचं तेल आणि सैंधव २१ दिवस लावा, खड्डा आपोआप बुजेल. रिंगणीच्या बियांची धुरी घ्या, दातातले किडे गळून पडतील. चांदीत पारा असतो, भरली असेल तर आजच काढून घ्या. डॉक्टर चांगला दात कोरतात आणि भरलेला दात पुढे किडतोच. मुलांचे दात तर पडणारच आहेत, त्यांत पैसे घालू नका. आणि वरच्या दाताला हात लावू दिला तर नजर जाते.

सुरुवात हाडापासून करते, कारण बाकीचं बरंचसं या एका चुकीवर उभं आहे. हाडात रक्त खेळतं, जिवंत पेशी असतात. हात मोडला की त्या पेशी कामाला लागतात आणि काही आठवड्यांत हाड सांधतं. दाताचं वरचं कवच, ज्याला आपण एनॅमल म्हणतो, त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि जिवंत पेशी एकही नसते. ते कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात. त्यामुळे एकदा पडलेला खड्डा बुजवायला तिथे कोणी उरलेलंच नसतं. दाताच्या आतली नस आतल्या बाजूने थोडा थर चढवून स्वतःचा बचाव करते, हे खरं आहे. पण तो थर आतून चढतो, बाहेरचा खड्डा त्याने भरत नाही.

यात एक गोष्ट मात्र खरीच परत येते, आणि ती मी प्रत्येक पेशंटला सांगते. खड्डा पडण्याआधी दातावर खडूसारखा पांढरट डाग दिसतो. तिथलं खनिज कमी झालेलं असतं, पण वरचा पापुद्रा शाबूत असतो. अशा डागाला मी मशीन लावत नाही. साधारण १००० पीपीएम फ्लोराईड असलेली पेस्ट (आकडा ट्यूबवर छापलेला असतो), दोन वेळा ब्रश आणि मधल्या वेळचं गोड बंद, एवढ्यावर तो डाग थांबतो, कधी कधी फिका पडत जातो. पापुद्रा फुटून खड्डा झाला, की ब्रशचा केसही आत पोचत नाही. तिथे लेप लावून उपयोग नाही.

आता लवंग. लवंगतेलाने दुखणं कमी होतं, हे मी नाकारत नाही. त्यातलं युजेनॉल नसेला बधिर करतं. आम्ही तात्पुरता दात भरतो तो मसाला झिंक ऑक्साईड आणि युजेनॉल कालवूनच करतो. माझ्या दवाखान्याला जो वास येतो, तो त्याचाच. पण दुखणं थांबणं आणि कीड थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या मेसेजने लोकांचं खरं नुकसान केलंय ते इथे.

त्या आईचं म्हणणं असं होतं. “चार महिन्यांआधी बारीक काळा खड्डा होता, डॉक्टर. गोड खाल्लं की झिणझिण करे. मग रातीचं रडू लागली. हे लावणं सुरू केलं, तर पंधरा दिवसांत दुखणं पार गेलं. मले वाटलं, बरी झाली.”

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुखणं गेलं की कोणालाही बरं झालंसंच वाटेल. पण आत काय घडतं ते बघा. दाताची नस चारही बाजूंनी कडक भिंतींत कोंडलेली असते. जंतू तिच्यापर्यंत पोचले की ती सुजते आणि सुजायला जागाच नसते. म्हणून तो ठणका इतका असह्य, आणि आडवं झालं की आणखी वाढतो. काही दिवसांनी कोंडलेल्या नसेचा रक्तपुरवठा थांबतो, ती मरते आणि ठणका एकदम बंद होतो. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, गाल सुजून येतो.

मी त्या मुलीच्या दाढेवरचा राहिलेला पापुद्रा चमच्यासारख्या हत्याराने उचलला. खालचा भाग ओल्या चामड्यासारखा तपकिरी होता, सोलल्यासारखा पदर निघत होता. नसेची पोकळी उघडली तसा कुजका वास आला. मुलीला काहीच दुखलं नाही, कारण दुखायला आत जिवंत काही राहिलंच नव्हतं. आईने मान वळवली.

लवंगेबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. निव्वळ तेलाचा बोळा हिरडीवर ठेवला की हिरडी भाजते, पांढरी पडून तिची साल निघते. दुखऱ्या दाताशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारेही येतात, त्यांच्या गालाला आतून तशीच जखम असते. गोळी पाण्यासोबत पोटात घ्यायची असते.

“मुलांचे दात पडणारच आहेत” या वाक्यावर जरा थांबते. ती आई मला म्हणाली होती, “दुधाचीच दाढ होय ना ते, पडन कधीतरी.” ती दाढ दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पडता, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. जन्मभराची ती पहिली दाढ. जुना दात पडलेला नसल्यामुळे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही की हा पक्का दात आहे. माझ्याकडे दाढ किडली म्हणून येणाऱ्या शाळकरी मुलांमध्ये हीच दाढ सगळ्यांत जास्त असते. उगवल्यावर तिची मुळं पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. आठव्या वर्षी तिची नस मेली, तर मुळं तिथेच थांबतात: आखूड, पातळ भिंतींची, टोकाला उघडी. नेहमीचं रूट कॅनल अशा मुळात होत नाही. आधी टोकाशी औषधाचा बांध घालावा लागतो, फेऱ्या वाढतात आणि एवढं करूनही ती दाढ कायमची नाजूक राहते.

बरं, दुधाचीच दाढ असती तरी? दुधाची मागची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. तेवढी वर्षं मूल तिच्यावर चावतं आणि खालच्या पक्क्या दाताची जागा ती राखून ठेवते. लवकर गेली की मागची दाढ पुढे सरकते आणि नवा दात वाकडा येतो. ‘पडणारच आहे’ म्हणून तीही किडू द्यायची नाही.

किड्यांचं बोलू. आपली भाषाच ‘दाताला कीड लागली’ म्हणते, त्यामुळे किडा डोळ्यांसमोर उभा राहतो. जगभर हा समज हजारो वर्षं होता. फ्रान्सचे दंतवैद्य पियरे फोशार्ड यांनी १७२८ मध्येच दातातल्या किड्यांची कल्पना नाकारली आणि १८९० मध्ये अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी दाखवून दिलं, की तोंडातले जंतू साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. दातावरच्या थराचा सामू (आम्लपणा मोजायचा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) साडेपाचाच्या खाली गेला की खनिज सुटायला लागतं, आणि प्रत्येक गोड घोटानंतर तो खाली जातो. म्हणून एकदाच जेवणासोबत खाल्लेली संत्रा बर्फी तेवढं करत नाही, जेवढं दिवसभरात सहा वेळा घेतलेला गोड चहा करतो. धुरीतून पडणारे पांढरे ‘किडे’ म्हणजे बियांचे अंकुर. बी तापून फुटलं की आतला वळलेला अंकुर बाहेर येतो. धुराने तोंड भाजतं ते वेगळंच.

पाऱ्याची गोष्ट मात्र पूर्ण खोटी नाही, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. चांदी म्हणून भरतात त्या मिश्रणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना अगदी थोडी वाफ निघते. अमेरिकेत ५३४ मुलांवर पाच वर्षं अभ्यास झाला. काहींच्या दातांत चांदी भरली, काहींच्यात दाताच्या रंगाचं मटेरियल. २००६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बुद्ध्यांकात किंवा स्मरणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे आणि मज्जासंस्थेचे रुग्ण यांनी शक्यतो चांदी टाळावी असं सांगितलं. पाऱ्याचं प्रदूषण रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या मिनामाता करारानुसार जगभर तिचा वापर कमी केला जातोय. मीही ती भरणं सोडलंय.

पण ‘भरली असेल तर आजच काढून घ्या’ हा सल्ला उलटा आहे. घट्ट बसलेली जुनी चांदी मशीनने खरवडली की त्या काही मिनिटांत नेहमीपेक्षा जास्त वाफ उठते आणि सोबत चांगला दातही जातो. फुटली नसेल, कडेने किडली नसेल, तर ती तशीच राहू द्यावी. सिमेंटवर तर असा आक्षेपही नाही. ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट दाताला स्वतःहून चिकटतं, हळूहळू फ्लोराईड सोडतं, आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मशीन आणि विजेशिवाय, नुसत्या हाताच्या हत्यारांनी कीड काढून ते भरण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत, शाळांमध्ये आजही वापरली जाते.

‘चांगला दात कोरतात’ या तक्रारीत तथ्य आहे. पूर्वी चांदी अडकून राहावी म्हणून खड्डा खणून रुंद करावा लागे, तसंच शिकवलं जाई. आताचं मटेरियल चिकटतं, त्यामुळे किडलेलं तेवढंच काढायचं आणि नसेजवळचा थोडा मऊ थर मुद्दाम ठेवूनही भरता येतं. तरी गरज नसताना कोरणारे आहेत, हे मी माझ्याच धंद्याबद्दल सांगते. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या जास्त फ्लोराईडमुळे दातांवर तपकिरी पट्टे येतात. ती कीड नसते, पण ‘चार दात किडलेत’ असं ऐकून घाबरलेले लोक मी पाहिलेत. शंका आली तर आरशात खड्डा दाखवायला सांगा, एक्स-रे मागा. दुसरं मत हवं असेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९६८ पासून. सकाळी लवकर जा, रांग असते.

भरलेला दात पुन्हा किडू शकतो, हेही खरं. भरलेलं मटेरियल दहाएक वर्षं टिकतं, कोणाचं जास्त, कोणाचं कमी. आपल्याकडे ते कमी टिकण्याचं मोठं कारण खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण, आहे. सुपारी दिवसभर चावून दाढा सपाट होतात, भेगा पडतात, भरलेलं निखळतं. त्याहून वाईट म्हणजे गालाची आतली कातडी आकसून तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं मावायला हवीत, तिथे एकच जातं. अशा पंचविशीतल्या पोरांच्या मागच्या दाढेचा खड्डा मला दिसतो, पण तिथवर माझं हत्यार पोचत नाही. मेसेजमध्ये खर्ऱ्याचा उल्लेखही नाही.

राहिली नजर. वरच्या दातांची संवेदना मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते, नजर दुसऱ्या नसेतून. दोन्ही वेगळ्या. वरच्या दाताला भूल देताना क्वचित डोळ्याभोवती बधिरपणा येतो किंवा दोन दोन दिसतं, तेही काही तासांत उतरतं. दात भरल्याने किंवा काढल्याने नजर जात नाही.

त्या मुलीचा पू काढला, औषधं दिली. पुढच्या भेटीला सूज उतरलेली होती. तेव्हा तिच्या डाव्या बाजूची तशीच दाढ पाहिली, तर तिच्यावर मोहरीएवढा खड्डा होता. आईने विचारलं, “हे भरता येईन का आत्ताच?” सुई टोचावी लागली नाही, वीस मिनिटं लागली. मुलीने उठून आरशात पाहिलं आणि कोणती भरली ते तिला सापडेना.