चोरी कुठली आणि वाटणी कुठली: गुनुंगकिदुलच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि मुद्द्याची आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंडोनेशियात जावा बेटावर योग्यकार्ता प्रांतात गुनुंगकिदुल नावाचा जिल्हा आहे. तिथल्या एका लहानशा शेतकरी वाडीबद्दल मी लिहिलं होतं. गरिबांसाठी येणारा सरकारी स्वस्त तांदूळ यादीतल्या घरांनाच न देता सगळ्या घरांत सारखा वाटून घेत, हे त्यात ओघात आलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘पंधरा किलोंची हक्कदार असलेल्या विधवेच्या हातावर पाच किलो ठेवायचे आणि उरलेले दहा मोटारसायकलवाल्यांना द्यायचे, ही सरळ चोरी आहे. आपल्याकडच्या रेशन दुकानदारानं हेच केलं असतं तर तुम्ही त्याच्यावर तुटून पडला असतात. परदेशातलं खेडं आहे म्हणून त्याला एकोपा म्हणायचं का?’

चोरीला एकोपा म्हणू नये, हे मान्य. पण त्या तांदळात चोरीही होती आणि वाटणीही होती, आणि तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरताय.

ही योजना १९९८ च्या आर्थिक संकटात सुरू झाली. पुढे २००२ मध्ये तिचं नाव ‘रास्किन’ झालं. नंतरच्या काही वर्षांत पात्र घराला महिन्याला पंधरा किलो, किलोला १,६०० रुपिया (तिथलं चलन), असा हिशेब होता. तांदूळ गोदामातून गावात यायचा आणि गावचे लोक तो वाटायचे. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञानं सुरुवातीच्या वर्षांचा सरकारी हिशेब घरोघरच्या पाहणीशी ताडून पाहिला. निदान १८ टक्के तांदूळ कुणाच्याच घरी पोचला नव्हता. ही चोरी. तुमचा रेशन दुकानदार इथे शोभतो.

नंतर ओल्केन, रेमा हॅना आणि अभिजीत बॅनर्जी (हो, तेच नोबेलवाले, आई माहेरच्या पाटणकर) यांच्या गटानं एक प्रयोग केला. काही गावांतल्या पात्र घरांना टपालानं एक कार्ड पाठवलं आणि तुमचा हक्क किती हे कळवलं. त्या गावांतल्या पात्र कुटुंबांच्या पदरात २६ टक्के जास्त लाभ पडला. यातला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग पुढेच आहे: अपात्र शेजाऱ्यांना मिळत होतं त्यात घट झाली नाही. वाढलेला तांदूळ आला तो मधल्या गळतीतून. हक्क कळल्यावर लोकांनी मधे खाणाऱ्याला अडवलं, शेजाऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. चोर कोण हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा बरं कळत होतं.

आता त्या मोटारसायकलवाल्यांकडे येते. गुनुंगकिदुलचा दक्षिण भाग चुनखडीचा आहे. पाऊस पडतो भरपूर, पण पाणी जमिनीवर थांबत नाही, खाली भुयारी नद्यांत निघून जातं. पहिल्या पावसाच्या आधीच लोक कोरड्या मातीत भात पेरतात, आपली धूळपेरणीच. त्यात मका, भुईमूग आणि कसावा यांची मिश्र लागवड. पाऊस लांबला तर बी वाया. कसावा सोलून वाळवतात, त्याला गापलेक म्हणतात. त्याचं पीठ वाफवून केलेलं तिवुल हे एके काळी भाताच्या ऐवजी रोजचं जेवण होतं. उन्हाळ्यात तळी आटतात, छपराचं पाणी साठवलेल्या टाक्या संपतात आणि टँकर विकत घ्यावा लागतो. अंतर वाढेल तसा त्याचा भाव चढतो. पाण्यासाठी शेळी किंवा गाय विकली, हे तिथे दर दुष्काळात ऐकू येतं. गाय म्हणजे बँकेतली ठेव. कित्येकांच्या गोठ्यातली गाय तर त्यांची नसतेच, दुसऱ्याची अर्धलीनं पाळलेली असते.

अशा ठिकाणी मोटारसायकल दारात आहे म्हणून घर सधन आहे असं म्हणता येत नाही. ती हप्त्यावर घेतलेली असते आणि तिच्याशिवाय मुलं शाळेत पोचत नाहीत, चाराही आणता येत नाही. यंदा यादीबाहेर असलेलं घर पुढच्या वर्षी टँकर आणि आजारपणात यादीतल्या घराच्या खाली जातं. यादी मात्र जुन्या पाहणीचीच राहते.

यादीवरचा हा अविश्वास एका वाडीपुरता नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये इंधनाचे भाव सरासरीनं दुपटीच्या वर गेले आणि सरकारनं गरीब घरांना तिमाही ३ लाख रुपिया रोख द्यायला सुरुवात केली. ‘त्याचं नाव आहे, माझं का नाही’ यावरून गावोगाव भांडणं पेटली, काही ठिकाणी लोक सरपंचाच्या कचेरीवर चालून गेले. २००८ मध्ये याच संशोधकांच्या गटानं तीन प्रांतांतल्या ६४० वस्त्यांत पाहिलं की गरीब कोण हे सरकारी मोजमापानं ठरवावं की गावाच्या बैठकीनं. दरडोई खर्चाचा निकष लावला तर सरकारी मोजमाप थोडं सरस ठरलं. समाधान मात्र बैठकीच्या यादीबद्दल जास्त होतं. गावकरी घराचा खर्च मोजत बसत नव्हते. कमावता माणूस आहे का, विधवा आहे का, अडचणीत धावून येणारं कुणी आहे का, हेही ते बघत होते.

समान वाटपाला तिथे ‘बागी रोतो’ म्हणतात. मी राहत होते त्या वाडीच्या प्रमुखाला, म्हणजे दुकुहला, मी तुमचाच प्रश्न विचारला होता. ‘ज्याला तांदूळ नाही तो उद्या रस्त्याच्या कामाला येणार नाही’ एवढंच तो म्हणाला. ऐकायला हे धमकीसारखं वाटतं. पण तिथे घर बांधायचं तर मजुरीवर बांधत नाहीत. शेजारी येतात, जेवतात, छप्पर चढवून जातात. आपल्या इर्जिकीचा हा चुलत भाऊ. लग्नात तांदूळ, साखर, पैसे असा आहेर जातो आणि कुणी किती दिलं ते बायका वहीत लिहून ठेवतात. लग्नसराईच्या महिन्यांत आहेरासाठी कर्ज काढणारी घरं मी पाहिली आहेत, तेव्हा याला मी गोड गोड म्हणत नाही. हा हिशेब आहे, आणि कडक हिशेब आहे. त्यातून जी बाहेर पडेल तिचं छप्पर कोण चढवणार? दहा किलो तांदूळ हातचे गेले तरी ज्या विधवेचा तुम्हाला कळवळा आला ती याच वहीवर जगते.

मग या एकोप्यात कुणाचं नुकसान होतच नाही का? होतं, आणि इथे तुमच्या बाजूनं मी तुमच्यापेक्षा मोठं उदाहरण देते. गुनुंगकिदुलमध्ये ‘ब्रांदू’ नावाची चाल आहे. कुणाची गाय आजारी पडली किंवा मेली तर शेजारी वर्गणी काढून तिचं मांस वाटून घेतात, म्हणजे मालक अगदीच बुडत नाही. २०२३ मध्ये सेमानू भागात पुरलेली गाय उकरून काढून तिचं मांस खाल्लं गेलं. गायीला अँथ्रॅक्स, म्हणजे आपली काळपुळी, झाला होता. एका वृद्धाचा मृत्यू त्यानंच झाल्याचं निष्पन्न झालं आणि ऐंशीहून अधिक लोकांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा सापडल्या. अधिकाऱ्यांनी ब्रांदू बंद करायला सांगितलं. बरोबरच होतं ते. पण मेलेल्या गायीची पुरेशी भरपाई वेळेवर हातात पडली, तर कुठला शेतकरी तिचं मांस शेजाऱ्यांना विकेल? मदत आणि विष एकाच पातेल्यात का शिजतं, याचं उत्तर तिथे आहे.

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘आता तरी हे थांबलं का?’ तांदळापुरतं बऱ्याच अंशी थांबलं. २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं तांदळाची जागा कार्डानं घेतली. मदत थेट लाभार्थ्याच्या नावावर येऊ लागली, रास्किनची पोती गावात उतरायची थांबली. पण २०२० मध्ये कोविडकाळात ग्रामनिधीतून महिन्याला ६ लाख रुपिया वाटायला सुरुवात झाली, तेव्हा काही गावांत लाभार्थ्यांकडून त्यातला वाटा काढून इतरांना दिल्याच्या बातम्या आल्या आणि अधिकाऱ्यांनी त्याला बेकायदा कपात म्हटलं. त्या कपातीचं मी समर्थन करणार नाही. धान्याची पोती गावाच्या नावावर उतरत होती, ती कशी वाटायची हे गाव बसून ठरवत होतं. बाईच्या नावावर आलेले पैसे ती घरी घेऊन जाते आणि मग चार जण दारात येतात. त्या चौघांपुढे ‘नाही’ म्हणायची सोय तिला नसते, आणि तिथे मी तुमच्या ‘चोरी’ या शब्दाला विरोध करणार नाही.