साडेतीनाचा एक कसा झाला

२०२५च्या जुलैत ट्रम्पच्या कर-खर्चाच्या बिलावर सही झाली आणि आमच्या कट्ट्यावर सगळ्यात जास्त आनंद शिरीषला झाला. मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे तो अमेरिकन संसदेबद्दल 'आमच्याकडे' असं बोलतो. डोंबिवली नगरपालिका असताना कधी असं बोलला नाही.

"याला म्हणतात लोकशाही. आमच्याकडे सभागृहं दोन, हाउसचं बिल वेगळं, सेनेटचं वेगळं. मग दोन्हीकडची शहाणी माणसं एका टेबलाशी बसतात, एकेक कलम घेऊन मध्यम मार्ग काढतात."

"कधी बसली?" नानांनी बशीत चहा ओतत विचारलं.

"म्हणजे... कमिटी असते ना."

"असते. २०१७च्या टॅक्स बिलाला बसली होती. या वेळी खुर्च्यासुद्धा मांडल्या नाहीत. हाउसनं मे महिन्यात २१५ विरुद्ध २१४ असं पाठवलं. सेनेटनं हवं ते कापलं, हवं ते घुसवलं, मतं ५०-५० झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्सनं मत टाकलं आणि परत पाठवलं. हाउसनं स्वल्पविरामसुद्धा न हलवता पास केलं. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके आणून ठेवले होते ना, भिजले असते."

नाना पोस्टातून निवृत्त झाले. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही ही शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली, त्यामुळे आता पेपरातलं अक्षर सोडत नाहीत.

"पण ट्रम्पच्याच पक्षातले, सरकारी तुटीवर बोलणारे ते शिस्तवाले होते की," शिरीष म्हणाला.

"होते तर! हाउसनं कर्जाची मर्यादा ४ लाख कोटी डॉलरनं वाढवली होती, सेनेटनं ५नं. शिस्तवाले रात्रभर रुसले. सकाळी फोन आले, दुपारी मतं दिली. पक्षाचे दोनच फुटले."

मंगेशला अलास्काची सेनेटर मर्कोवस्की आठवली. "तिनं काय कमावलं रे?"

"बरंच. देवमासे मारणाऱ्या कप्तानांची वजावट १० हजार डॉलरवरून ५० हजारांवर नेली. मत दिलं, बाहेर आली आणि म्हणाली, बिल अजून नीट झालेलं नाही, हाउसनं सुधारावं."

"हे तर आपल्या गच्चीचं झालं!" बंड्या उसळला. वॉटरप्रूफिंगचा विषय त्याला कुठूनही सापडतो. "ए विंगचा ठराव वेगळा, बी विंगचा वेगळा, आणि या सेक्रेटरीसाहेबांच्या मिनिट्समध्ये तिसराच!"

"जनरल बॉडीनं मंजूर केला होता," शिरीष ताठ झाला.

"पाऊस सुरू झाला होता म्हणून केला!"

इथे दहा मिनिटं गेली. गळती, कंत्राटदार, त्या कंत्राटदाराचा आणि शिरीषच्या साडूचा संबंध. मी ते लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे.

"त्यापेक्षा आपलं बरं," मंगेश शेवटी म्हणाला. "दोन सभागृहांचं जमलं नाही की संयुक्त बैठक."

"पैशाच्या बिलाला तीही नाही," नाना म्हणाले. "राज्यसभेनं १४ दिवसांत सूचना करायच्या. लोकसभेनं त्या घेतल्या तर घेतल्या. २०२३मध्ये तर गोंधळातच गिलोटिन लावलं, म्हणजे चर्चा तोडून थेट मतदान; ४५ लाख कोटींचा खर्च चर्चेविना काही मिनिटांत मंजूर. तिकडे निदान कोण कशाला विकलं गेलं ते तरी कळतं."

यावर मंगेश गप्प. शिरीषला मात्र आपली बाजू वर आल्यासारखं वाटलं.

"आणि सेनेटनं आपल्या माणसांचं भलंच केलं. भारतात पैसे पाठवण्यावर हाउसनं साडेतीन टक्के कर लावला होता, सेनेटनं एकवर आणला. तोही रोख रकमेवर नि मनीऑर्डरवर. बँकेतून पाठवले तर शून्य! माझे किती वाचले बघा."

नानांनी बशी खाली ठेवली. "शिरीष, कर लागायला आधी पैसे यावे लागतात."

बंड्या कट्ट्यावरून पडायचाच राहिला. शिरीषचे कान लाल.

"पाठवणार आहे तो! या दिवाळीत. गच्चीच्या कामालाच पाठवणार आहे!"

"कुठल्या ठरावाप्रमाणे?" बंड्यानं विचारलं, आणि मग टपरीवाल्यानंही स्टोव्ह बारीक करून हसून घेतलं.