‘अख्खं रामबाग आजारी ठरेल’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

अतिसंवेदनशील तपासण्यांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘रक्तात शोधलं तर काहीतरी सापडणारच. अशी यंत्रं आली की अख्खं रामबाग आजारी ठरेल आणि लॅबवाल्यांची दिवाळी.’ दिवाळीबद्दल वाद नाही, आपल्या इंदूरच्या गीता भवन चौकातल्या लॅबच्या पाट्या वाचतो मीही. पण पहिलं म्हणणं पटलं नाही.

१९७१ पासून चालत आलेल्या एलायझात (अँटिबॉडीनं, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणाऱ्या प्रथिनानं, हवं ते पकडून रंगावरून मोजायची तपासणी) प्लेटवरच्या अख्ख्या खळग्याचा रंग एकत्र मोजतात. दोन-चार रेणूंचा रंग त्यात कुठल्या कुठे विरून जातो. म्हणून निरोगी माणसाच्या रक्तातली कित्येक प्रथिनं ‘नाहीत’ अशीच दिसायची. २०१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड वॉल्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या पद्धतीत अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणी रेणूंपेक्षा इतके जास्त घालतात की एका मण्यावर फार तर एकच रेणू बसावा. मग एकेक मणी एकेका खळग्यात. खळगा केवढा? एका मायक्रोलिटरचे २ कोटी भाग केले तर त्यातला साधारण एक. वरून घट्ट झाकण. पकडलेल्या रेणूला खूण म्हणून एन्झाइम जोडलेलं असतं; आत ते एकच असलं तरी त्यानं तयार केलेला चमकता रंग बाहेर जाऊ शकत नाही, खळगा उजळतो. यंत्र फक्त उजळलेले आणि काळे खळगे मोजतं.

यातून आजार नाही, ‘नॉर्मल’ किती ते कळतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, ट्रोपोनिनच घ्या (तिथली पद्धत निराळी, मुद्दा तोच). किमान निम्म्या निरोगी लोकांत मोजता आलं तरच त्या तपासणीला अतिसंवेदनशील म्हणतात! धोक्याची रेषा निरोगी लोकांच्या ९९व्या पर्सेंटाइलवर (शंभरातल्या नव्याण्णवांचा आकडा जिच्या खाली, तिथे) असते, आणि शंका असली तर डॉक्टर एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊन आकडा चढतोय का बघतात. किडनीच्या रुग्णात तो एरवीही जास्त असू शकतो. ‘सापडलं की आजार’ असं कुणी वाचत नाही. किमान वाचू नये.

तुमच्या चिरंजीवांना कुणी पॅकेजमध्ये अल्झायमरची रक्ततपासणी सुचवली, त्यावर मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूनं. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं-तपासण्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड या अल्झायमरशी जोडलेल्या दोन प्रथिनांच्या गुणोत्तराची रक्ततपासणी मंजूर केली, ती ५५ वर्षांपुढच्या, लक्षणं असलेल्यांसाठी, आणि निदान एकट्या तिच्यावर करायचं नाही. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला तिचं काय काम?

‘मग टेक्निशियन कशाला?’ हेही विचारलंत. ट्यूबमध्ये रक्तपेशी फुटून सीरम गुलाबी झालं असेल, किंवा नमुना मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दोन तास फिरला असेल, तर तो परत पाठवायला.

मुलगा खरंच विसरायला लागला असेल तर फिजिशियनला दाखवा. ते बी-१२ आणि थायरॉइड तपासायला बहुधा आधी सांगतील, इंदुरात कुठेही होतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर लॅबमध्ये सांगायला लावा, त्यानं थायरॉइडचे आकडे चुकू शकतात.