‘आरसीसी इमारत आहे, निर्धास्त राहा’ : फिरत्या संदेशातला ०.१६ चा घोटाळा

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : पुणे-मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये येतात, तिथला आकडा ०.१६, म्हणजे मोठ्या भूकंपातही कुठल्याही वस्तूवर तिच्या वजनाच्या जास्तीत जास्त १६ टक्के आडवा जोर येणार. नियमाने बांधलेली आरसीसी फ्रेम एवढं सहज सोसते. भिंती, टाक्या, सामान हे किरकोळ, तडा गेला तर प्लास्टर करा. किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या घरांमुळे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू धीर द्यायचा आहे, हे मला कळतं. पण हा हिशेब चुकलेला आहे, आणि अशा चुकीपायी माणूस जखमी होऊ शकतो.

सगळ्यात मोठी गफलत त्या ०.१६ मध्येच आहे. हा आकडा जमिनीच्या हादऱ्याचा, वरच्या मजल्यांचा नव्हे. बांबू बुडाशी धरून हलवला की शेंडा किती झुलतो ते आठवा, इमारतीचंही तसंच. अमेरिकेच्या बांधकाम संहितेत कित्येक वर्षं एक सोपा नियम होता : तळाशी जोर जमिनीइतकाच, गच्चीवर तिप्पट, मधल्या मजल्यांना त्या प्रमाणात. दहा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर जवळपास २.४ पट, म्हणजे १६ टक्क्यांचे ३८ होतात.

आता घरातलं कपाट घ्या. उंची १.८ मीटर, पुढून मागे ४५ सेंटिमीटर. ४५ ला १८० ने भागलं की ०.२५ येतात. म्हणजे आडवा जोर वजनाच्या २५ टक्क्यांपुढे गेला की कपाटाची एक कड जमिनीवरून उचलली जाते आणि ते डुलायला लागतं. तळमजल्यावर १६ टक्क्यांत ते जागचं हलणार नाही. सातव्या मजल्यावर हलेल. पडेलच असं नाही, ते हादऱ्याच्या लयीवर ठरतं, पण त्याच्या पायाशी कुणी अंथरूण टाकू नये. रुग्णालयातला जम्बो ऑक्सिजन सिलिंडर साधारण १.४ मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाड असतो. त्याचं उत्तर ०.१६ च्या आसपास येतं, म्हणजे तो तळमजल्यावरच काठावर उभा आहे.

ही झाली ताठ वस्तूंची गोष्ट. बारीक खांबांवरची टाकी, लांबलचक पाइप, तारांवर लटकलेलं फॉल्स सीलिंग यांची स्वतःची एक लय असते. ती इमारतीच्या लयीशी जुळली की झोक्याला वेळेवर धक्का मिळावा तसं होतं. युरोकोड ८ या युरोपच्या भूकंप संहितेच्या सूत्रात गच्चीवर असा मेळ बसला तर जमिनीच्या साडेपाचपट आकडा येतो. आपल्याच आयएस १८९३ या भारतीय भूकंप संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत गच्चीवरच्या टाक्या, कठडे, चिमण्या यांना इमारतीच्या आडव्या भूकंप गुणांकाच्या (वजनाचा कितवा हिस्सा आडवा जोर धरायचा तो आकडा) पाचपट जोर धरून तपासा असं लिहिलंय. संदेशवाल्यांना नियमांचा आधार हवा असेल तर हाही नियमच आहे.

बरं, इमारतीची लय तरी नेमकी माहीत असते का? ३० मीटर उंच, १६ मीटर रुंद इमारतीला याच भारतीय संहितेचं नुसत्या फ्रेमचं सूत्र लावलं तर एका झोक्याला ०.९६ सेकंद लागतो. विटांच्या भिंती धरलेलं सूत्र लावलं तर ०.६८ सेकंद. इमारत एकच. भिंतींची ताकद कागदावरच्या हिशेबात बऱ्याचदा धरली जात नाही, पण भूकंपात त्या फ्रेमला आवळून धरतात आणि फुटल्या की सोडून देतात. लय बदलत राहते. म्हणून मजल्यावर नेमका किती जोर येईल हे सांगणं आमच्या कामातलं फार अवघड प्रकरण आहे. एकाच आकड्यात ते बसत नाही.

‘नियमाने बांधलेली फ्रेम सोसते’ हे बरोबर, पण ती वाकून सोसते. मोठ्या भूकंपात बीमच्या टोकांना सळ्या ताणल्या जाव्यात, काँक्रीटला तडे जावेत, पण इमारत कोसळू नये, अशीच रचना असते. फ्रेम अशी नमली की वरच्या मजल्यांवरचा जोर काहीसा आटोक्यात राहतो, मात्र मजल्यामजल्यातली सरक वाढते. तीन मीटरच्या मजल्याला संहितेची मर्यादा १२ मिलिमीटर, तीही रचनेच्या हिशेबासाठी खऱ्यापेक्षा कमी धरलेल्या जोराखाली. खऱ्या हादऱ्यात सरक त्याच्या कितीतरी पट होऊ शकते. विटांची भिंत, काच, दाराची चौकट यांना तेवढं सरकणं झेपत नाही. चौकट तिरकी झाली की दार अडकतं, आणि बाहेर पडायला तेच दार असतं.

‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक अभ्यास : रुग्णालयाच्या एकूण गुंतवणुकीत सांगाड्याचा वाटा फक्त ८ टक्के, हॉटेलात १३, कार्यालयात १८. उरलेलं सगळं या ‘किरकोळ’ गोष्टींचं. लॉस एंजेलिसजवळचं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा भक्कम बांधलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सांगाडा टिकला, पण पाइप फुटून पाणी वाहिलं आणि रुग्ण हलवावे लागले.

किल्लारीबद्दल संदेशात आहे ते खरं आहे, पण अर्धंच. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आरसीसी इमारती कोसळल्या.

मागे एका रुग्णालयाची पाहणी करायला गेलो होतो. अतिदक्षता विभागाच्या छताला सीलिंगच्या तारेचा अँकर, म्हणजे छतात रुतवलेला बोल्ट, दोन बोटांनी ओढला, तो पावडरीसकट हातात आला. शेजारी सहा सिलिंडर नुसते उभे. मी तिथल्या वॉर्डबॉयला साखळी मागितली. स्टोअरमध्ये होती, भिंतीत कड्या होत्या, कुणी लावली नव्हती इतकंच. दहा मिनिटांत सहाही सिलिंडर बांधून झाले. सीलिंगला मात्र तिरके आधार आणि नवे अँकर घालायला तीन आठवडे लागले.