अ‍ॅक्सिऑन 'एकमेव' कसा?

'स्ट्राँग सीपी समस्येवर अ‍ॅक्सिऑन हे एकमेव उत्तर आहे' हे अ‍ॅक्सिऑन या कल्पित कणावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. (सीपी म्हणजे कण-प्रतिकण आणि आरशातलं डावं-उजवं यांची एकत्र अदलाबदल. प्रबळ बलाच्या समीकरणांत ही सममिती मोडणारा थीटा नावाचा आकडा बसू शकतो, तरी तो जवळजवळ शून्य का, ही स्ट्राँग सीपी समस्या.) १९८४ च्या सुमारास अ‍ॅन नेल्सन आणि स्टीफन बार यांनी सुचवलेला मार्ग मग कुठे गेला? त्यात सीपी ही निसर्गाची मूळ सममिती मानतात आणि ती आपसूक मोडू देतात. जड क्वार्क अशा बेताने जोडतात, की क्षीण बलातला सीपीभंग तर मिळतो, पण थीटा पहिल्या हिशेबात शून्यच राहतो. अ‍ॅक्सिऑनची गरजच पडत नाही. (लूपच्या, म्हणजे पुढच्या बारीक क्वांटम हिशेबाच्या, दुरुस्त्यांत थीटा परत डोकं वर काढतो, ही त्याची डोकेदुखी.)

एमएस्सीला आम्हालाही १९७७ चा पेच्चेई-क्विन उपाय (एक नवी सममिती मानायची; तिच्यातूनच अ‍ॅक्सिऑन निघतो आणि थीटा शून्याकडे ओढला जातो) शिकवून प्रकरण मिटवलं होतं. त्याची दुखरी बाजू मला फार उशिरा कळली. न्यूट्रॉनच्या मोजमापांवरून थीटा अब्जांशाच्या दहाव्या भागाहूनही लहान असावा लागतो. गुरुत्वाकर्षण या उपायातल्यासारखी ग्लोबल (सगळीकडे एकसारखी लागू होणारी) सममिती धड ठेवत नाही, असं बहुतेकांचं मत. आणि ती किंचित जरी बिघडली तरी थीटा शून्यापासून सरकतो. याला 'क्वालिटी प्रॉब्लेम' म्हणतात. लेखात त्यावर एक ओळ तरी हवी होती.