सगुण दर्शन, निर्गुण सामना

परदेशी फुटबॉल क्लबचा चाहता होणे हे असे व्यसन आहे की त्यात झोप, प्रकृती आणि घरातली पत या तिन्ही गोष्टी जातात आणि मोबदल्यात बहुधा पराभव मिळतो, तोही ऐन मध्यरात्री. गेली अठरा वर्षे मी एका इंग्लिश क्लबवर असे दुरून प्रेम करत आलो आहे. क्लबचे नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगितले की निम्मे वाचक माझी कीव करू लागतील आणि उरलेले निम्मे मागच्या हंगामाचा जाब विचारतील. प्रीमिअर लीगच्या एका हंगामात प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो आणि त्यांतले बहुतेक मी अंधारात, आवाज बंद करून, गोल झालाच तर उशीत तोंड खुपसून ओरडत पाहिलेले आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. अशा माणसाला, हंगामपूर्व दौऱ्यात आपला क्लब आपल्याच शहरातल्या स्टेडियमवर मैत्रीपूर्ण सामना खेळायला येणार हे कळले, तेव्हा देवच भक्ताच्या दारी येत असल्याचा साक्षात्कार झाला. देव दारी येताना तिकीट लावून येतो, ही बारीक अट आनंदाच्या भरात वाचायची राहिली.

तयारी अर्थातच जर्सीपासून सुरू झाली. क्लब दरवर्षी एक नव्हे, तीन जर्सी काढतो: एक घरच्या मैदानाची, एक परक्या मैदानाची आणि तिसरी केवळ आमच्यासारख्यांची परीक्षा पाहण्यासाठी. मी पहिली घेतली आणि पाठीवर माझ्या लाडक्या मधल्या फळीतल्या खेळाडूचे नाव छापून घेतले. या दिवसांत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी उघडी असते, हे मला ठाऊक होते. त्या खिडकीतून नेमका माझ्या पाठीवरचा माणूस उडी मारील, हे मात्र ठाऊक नव्हते. सामन्याच्या नऊ दिवस आधी तो दुसऱ्या क्लबमध्ये गेला. माझ्याबरोबर येणाऱ्या नऊ वर्षांच्या भाच्याने शांतपणे जर्सी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, ‘‘मामा, तू पाठ टेकूनच बस म्हणजे झालं.’’

मग दौऱ्यावर येणाऱ्या संघाची यादी जाहीर झाली. उन्हाळ्यात आपापल्या देशांकडून खेळून आलेल्या पाचजणांना जादा रजा मिळाली होती, कर्णधाराचा गुडघा दुखत होता आणि जो नवा आघाडीवीर पाहायला निम्मे स्टेडियम येणार होते, त्याच्या कराराची कागदपत्रे कुठेतरी वाटेत होती. असे दौरे पूर्वी कसे झाले, याचा मी रात्री जागून अभ्यास केला आणि त्याने उरलीसुरली झोपही उडाली. २०१९ च्या जुलैत युव्हेंटस हा इटालियन क्लब सोलला गेला तेव्हा रोनाल्डो पूर्ण वेळ बाकावर बसून राहिला आणि प्रकरण पुढे न्यायालयापर्यंत पोहोचले. २०२४ च्या फेब्रुवारीत इंटर मायामी या अमेरिकी क्लबच्या हाँगकाँगमधल्या सामन्यात मेस्सीही असाच बसून राहिला. प्रेक्षकांनी पैसे परत मागत गिल्ला केला, आणि तीनच दिवसांनी तो टोकियोत मैदानात उतरला, हे त्यांच्या जखमेवर मीठ. २०२३ मध्ये बँकॉकला टॉटनहॅम आणि लेस्टर हे दोन्ही संघ हजर होते, प्रेक्षक हजर होते, पण मैदानावर पावसाचे इतके पाणी साचले की सामनाच रद्द झाला. या सगळ्यावर उतारा म्हणून मी भाच्याला २०१९ च्या सिंगापूरची गोष्ट सांगितली, जिथे हॅरी केनने युव्हेंटसविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी मध्यरेषेवरून चेंडू मारून गोल केला होता. ‘‘म्हणजे शेवटपर्यंत थांबायचं,’’ एवढा बोध घेऊन तो झोपायला गेला.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खुला सराव होता आणि त्यालाही तिकीट होते. अर्धे स्टेडियम भरलेले होते. खेळाडू बाहेर आले तेव्हा जो गजर झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही, पण त्यानंतर त्यांनी जे केले ते विसरायला मला फार कष्ट पडू नयेत. त्यांनी प्रथम धावून दाखवले. मग नारिंगी शंकूंच्या मधून धावून दाखवले. मग आठजणांनी गोल रिंगण करून आतल्या दोघांना चेंडू न देण्याचा तो प्रसिद्ध खेळ मांडला, ज्याला तज्ज्ञ मंडळी रोंडो म्हणतात आणि ज्याला आम्ही शाळेच्या मधल्या सुट्टीत एखाद्याला रडवणे म्हणत असू. मग सगळे पाठीवर पडून एक-एक पाय वर करू लागले, आणि हजारो माणसे श्वास रोखून बावीस-तेवीस पायांकडे पाहत राहिली. माझ्या शेजारच्या एका पोक्त गृहस्थांचे डोळे भरून आले होते. ‘‘डावा पाय बघा,’’ ते मला म्हणाले. मी पाहिला. तो पाय होता. तरीही खरे सांगतो, मलाही भरून आले. टीव्हीवर अंगठ्याएवढी दिसणारी माणसे खरोखर अस्तित्वात आहेत, त्यांना घाम येतो आणि ती बुटाची नाडी आपल्यासारखीच खाली वाकून बांधतात, हा शोध अठरा वर्षांच्या उपासनेनंतर लागला तर माणूस हळवा होणारच.

प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी मी जर्सीवर क्लबचा लोकरी मफलर गुंडाळला. हा मफलर इंग्लंडच्या डिसेंबरसाठी बनवलेला असतो आणि दौरा जुलैत असतो, या विसंगतीकडे कोणताच निष्ठावंत लक्ष देत नाही. पहिल्या वीस मिनिटांत माझ्या मानेवर पुरळ उठले होते. स्टेडियमबाहेर अर्धा आमच्या क्लबचा आणि अर्धा प्रतिस्पर्ध्यांचा असा शिवलेला मफलरही विकायला होता. तो घेणाऱ्यांकडे आम्ही जुने लोक तिरस्काराने पाहतो. (भाच्याने तो घेतला, हे इथे नोंदवून पुढे जातो.)

प्रतिस्पर्धी आमच्याच शहराचा संघ होता, आणि इथे माझ्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. आपल्याच गावात, आपल्याच मैदानावर, आपल्याच मुलांनी चेंडू अडवला की सारे स्टेडियम हळहळत होते. त्यांच्या गोलरक्षकाने एकदा हवेत आडवे होऊन असा अप्रतिम चेंडू बाहेर ढकलला की एरवी मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. मी ‘‘अरेरे’’ म्हणालो. त्याने उठून प्रेक्षकांकडे पाहिले आणि मी मफलर सारखा करण्याचे निमित्त करून मान खाली घातली.

आमचा इंग्लिश संघ, खरे पाहता, पाय जड झालेल्या माणसांसारखा खेळत होता. या दिवसांत खेळाडूंकडून इतकी मेहनत करून घेतात की सामना हा त्यांना विश्रांतीचा प्रकार वाटतो. मध्येच सारेजण पाणी प्यायला थांबले आणि त्या क्षणीच लोकांना सर्वांत जास्त छायाचित्रे मिळाली. तेविसाव्या मिनिटाला प्रेक्षकांनी उभे राहून लाटा सुरू केल्या. लीगच्या सामन्यात असे कोणी केले असते तर मी त्याच्याशी भांडलो असतो; इथे लाट आली तेव्हा मी उठलो, एवढेच नव्हे तर मागच्या ओळीला उठा म्हणून सांगितले.

‘‘मामा, हे जिंकले तर किती गुण मिळतात?’’ भाच्याने विचारले.

‘‘एकही नाही.’’

‘‘मग हरले तर?’’

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी इतक्या सरळपणे विचारला नव्हता. हरलो तर काहीच होणार नव्हते. पोटात गोळा नव्हता, गुणतक्ता नव्हता, उशी नव्हती. मी मोकळ्या आकाशाखाली, फुल्ल आवाजात ओरडू शकत होतो आणि नेमके आता ओरडायला कारण नव्हते. मैत्रीपूर्ण सामन्यांचे तर्कशास्त्र मुळातच वेगळे असते. २०२५ च्या जुलैत सिंगापूरमध्ये आर्सेनलने एसी मिलानला १-० असे हरवले, आणि तरीही आधी ठरले होते म्हणून पेनल्टी शूटआउट खेळवण्यात आले, जे मिलानने जिंकले. दोन्ही बाजूंचे चाहते विजयी होऊन घरी गेले असतील. अशी सोय खऱ्या आयुष्यात कुठे असते?

साठाव्या मिनिटाला पाटी वर झाली आणि आमचे अकराच्या अकरा खेळाडू एकदम बाहेर गेले. एरवी पाचच बदलांची मुभा असते. मैत्रीत हिशेब नसतो. आत आलेल्यांपैकी कोणालाही मी ओळखत नव्हतो. पाठीवर ६८, ७४, ९१ असे आकडे असलेली, दाढी अजून नीट न फुटलेली ती मुले अशी धावत सुटली की जणू गावची बस चुकणार होती. त्यांतल्या ८३ क्रमांकाच्या सडसडीत पोराने उजवीकडून आत घुसून दोघांना चकवले आणि चेंडू जाळ्यात घातला. मी उशीशिवाय ओरडलो. शेजारचे पोक्त गृहस्थ माझ्या गळ्यात पडले आणि विचारू लागले, ‘‘कोण हा?’’ मी म्हणालो, ‘‘आपलाच.’’

पुढच्या महिन्यात खरा हंगाम सुरू झाला. रात्री मी आणि भाचा ८३ क्रमांक शोधत बसलो, पण तो बाकावरही नव्हता. दुसऱ्या दिवशी कळले की क्लबने त्याला अनुभव घेण्यासाठी खालच्या विभागातल्या एका क्लबला वर्षभरासाठी उसना दिला आहे. भाच्याने ताबडतोब फर्मान काढले की आता त्याचेही सामने पाहायचे. त्या विभागात प्रत्येक संघ हंगामात ४६ सामने खेळतो, ही माहिती मी अजून घरी सांगितलेली नाही.