एडीएचडीच्या गोळीबद्दलचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘एडीएचडीची गोळी म्हणजे ड्रग. मुलाला व्यसन लागतं, ती जन्मभर सुटत नाही.’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मीही पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. माफ करा.

एडीएचडीत मुलाचं लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार असतो. त्यासाठी दिलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, हे खरं. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. पण उपचार म्हणून ते घेतलेल्या मुलांमध्ये पुढे व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं अनेक अभ्यास एकत्र तपासूनही दिसलेलं नाही. साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तासांत ओसरतो. ती अजून लागते का, हे डॉक्टर अधूनमधून तपासतात.

भूक मंदावते, झोप उशिरा लागते, उंची थोडी कमी वेगाने वाढू शकते. ही काळजी रास्त आहे, म्हणूनच वजन, उंची, रक्तदाब बघत राहतात. प्रत्येक मुलाला गोळी लागतेच असंही नाही. ६ वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची 2019ची मार्गदर्शिका आधी पालकांचं प्रशिक्षण सुचवते.

मेसेज वाचून कुणी चालू गोळी परस्पर थांबवली असेल, तर आजच आपल्या डॉक्टरांशी बोला. मी माझी पोस्ट काढली आहे. तुम्ही ती पुढे पाठवली असेल तर तिथे हा खुलासा टाका.